किंग्स्टन ट्रिओ : एक नाव आणि बदलत गेलेले तीन आवाज

मधला स्वर (धागाकर्ता)

किंग्स्टन ट्रिओ या अमेरिकन गायकत्रयीचे नाव निघाले की चर्चा बहुधा ‘टॉम डूली’पाशी सुरू होते आणि तिथेच संपते. एका गाण्याने १९५८ साली अमेरिकेत लोकसंगीताची लाट आणली, पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घातलेली तीन तरुण मुले रातोरात प्रसिद्ध झाली, पुढे बॉब डिलन आला आणि ही मुले जुनी झाली, एवढ्या तीन वाक्यांत विषय आटोपला जातो. मला मात्र या त्रयीचा इतिहास तिच्यातून कोण केव्हा गेले आणि त्या जागी कोणाला आणले गेले, या अंगाने अधिक रोचक वाटतो. तो त्याच क्रमाने मांडता यावा म्हणून हा धागा.

मूळ तिघांपैकी डेव्ह गार्ड आणि बॉब शेन हे होनोलुलूच्या पुनाहू शाळेतले सोबती होते. युकुलेले, हवाईतील ढिल्या केलेल्या तारांचे गिटारवादन आणि मिळून गाण्याची सवय त्यांना तिथेच लागली. पुढे गार्ड कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला गेला, तर शेनने जवळच्याच मेन्लो कॉलेजात प्रवेश घेतला आणि तिथे त्याची निक रेनॉल्ड्सशी गाठ पडली. रेनॉल्ड्स कॅलिफोर्नियाचाच, सॅन डिएगो परिसरातला, आणि कोणत्याही चालीवर दुसरा स्वर सहज धरू शकणारा. मात्र या तिघांनी एकत्र येऊन लगेच त्रयी स्थापन केली, असे झालेले नाही. शिक्षण संपताच शेन हवाईला परतला आणि घरच्या व्यवसायाच्या जोडीने एल्व्हिस प्रेस्लीच्या धर्तीवर एकट्याने गाऊ लागला. इकडे गार्ड आणि रेनॉल्ड्स यांच्याबरोबर बासवर जो गॅनन आणि गाण्यासाठी बार्बरा बोग अशी चौकडी होती. म्हणजे इतिहासातील पहिला फेरबदल त्रयी जन्मण्याच्या आधीच घडलेला आहे.

फ्रँक वर्बर या प्रसिद्धी-सल्लागाराने पालो आल्टोच्या एका बिअरगृहात ही चौकडी ऐकली. त्याला गार्ड आणि रेनॉल्ड्स पसंत पडले, पण गॅननचे बासवादन पटले नाही. गॅनन बाहेर पडला, त्याच्यापाठोपाठ बोगही गेली, आणि उरलेल्या दोघांनी शेनला हवाईहून परत बोलावून घेतले. हे १९५७ सालचे. वर्बरने पहिला करार कागदी रुमालावर लिहून घेतल्याची कथा प्रसिद्ध आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने तिघांना ज्युडी डेव्हिस या आवाजाच्या शिक्षिकेकडे पाठवले आणि कित्येक महिने तालीम करून घेतली. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘पर्पल अनियन’ या नाइटक्लबमध्ये जून १९५७ मध्ये विनोदी कलावंत फिलिस डिलर यांनी एका आठवड्याचे कार्यक्रम रद्द केले, ती जागा वर्बरने या मुलांसाठी मिळवली आणि ओळखीपाळखीच्या लोकांना पाचशे पोस्टकार्डे पाठवली गेली. एका आठवड्यासाठी आलेले हे गायक तिथे अनेक महिने गात राहिले.

पुढचा भाग परिचित आहे. कॅपिटॉल या तबकडी कंपनीने १९५८ मध्ये पहिली एलपी (अनेक गाण्यांची मोठी तबकडी) काढली, तिच्यातील ‘टॉम डूली’ सॉल्ट लेक सिटीच्या रेडिओ निवेदकांनी उचलून धरले, कंपनीने नाइलाजाने त्याची स्वतंत्र तबकडी काढली आणि नोव्हेंबरमध्ये ते बिलबोर्ड साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. डिसेंबर १९५९ मध्ये एकाच वेळी त्यांच्या चार एलपी पहिल्या दहांत होत्या.

आता माझा मुद्दा. या त्रयीत प्रत्येकाचे काम ठरलेले होते. शेनचा भरदार, थोडा खरखरीत आवाज बहुतेकदा मुख्य चाल गात असे, रेनॉल्ड्स तिच्या वरचा स्वर धरीत असे आणि उरलेली जागा, मग ती वरची असो वा खालची, गार्ड भरून काढीत असे. पुढील साठ वर्षांत माणसे बदलली, तरी जागा याच राहिल्या. मात्र प्रत्येक नव्या माणसाबरोबर गाण्यांची निवड बदलली. शेनचा आवाज हा त्यातील एकमेव अखंड धागा होता आणि २००४ मध्ये तो तुटल्यावर जे उरले ते नावापुरते उरले, असे माझे मत आहे. मतभेद अपेक्षित आहेत.

जुनी तबकडी

मांडणी चांगली आहे, पण शेनला दिलेले माप जास्त आणि गार्डला दिलेले कमी आहे, असे मला वाटते. “उरलेली जागा भरून काढणारा” हे गार्डचे वर्णन ध्वनिमुद्रणांशी जुळत नाही. पहिल्या चार वर्षांत गाणी शोधणे, त्यांची मांडणी करणे, दोन गाण्यांमधले विनोदी निवेदन करणे आणि बँजोचा एकूण ढंग ठरवणे, ही सगळी कामे प्रामुख्याने गार्डची होती. लोकगायक पीट सीगर यांच्या पुस्तिकेवरून बँजो शिकणाऱ्या पिढीचा तो प्रतिनिधी होता आणि सीगर यांच्यासारखाच लांब दांडीचा व्हेगा बँजो वापरत होता. शेन सहा तारांचे मार्टिन गिटार वाजवी आणि रेनॉल्ड्स चार तारांचे टेनर गिटार. बँजो, टेनर गिटार आणि साधे गिटार यांच्या मिश्रणातून जी चकाकी निर्माण होते, ती या त्रयीची खरी ओळख आहे. डोळे मिटून पहिले चार सेकंद ऐकले तरी ती कळते, तेव्हा तर शेनने तोंडही उघडलेले नसते.

दुसरे असे की या त्रयीत नेहमी चौथा माणूस असे आणि त्याचा उल्लेख आपण केलेला नाही. एल्मर ‘बझ’ व्हीलर यांच्यानंतर बास वाजवणारे डेव्हिड ‘बक’ व्हीट हे जॅझमधून आलेले वादक होते. लोकसंगीताच्या सरळ ठेक्याखाली त्यांनी जी हलती बासरेषा ठेवली, तिच्यामुळे ही गाणी इतर महाविद्यालयीन गटांच्या गाण्यांसारखी कोरडी वाटत नाहीत. १९६१ मध्ये गार्ड बाहेर पडला तेव्हा व्हीटही त्याच्याबरोबर गेले. त्यांची जागा डीन रायली यांनी घेतली. म्हणजे त्या वर्षी त्रयीतून एक नव्हे, दोन माणसे गेली. ऐकणाऱ्याला जो फरक जाणवतो त्याचा काही भाग या दुसऱ्या जाण्याचा आहे, पण मुखपृष्ठावर तीनच चेहरे असल्यामुळे त्याची नोंद होत नाही.

गार्डच्या जाण्यामागे पैशांचा वाद आणि संगीताचा वाद असे दोन्ही पदर होते. गाण्यांच्या प्रकाशनहक्कांच्या उत्पन्नाचा हिशेब नीट ठेवला गेला नव्हता आणि त्यावरून अविश्वास निर्माण झाला होता. त्याशिवाय आपल्या सोबत्यांनी स्वरलिपी वाचायला शिकावे, संगीताचा रीतसर अभ्यास करावा आणि त्रयीने अधिक खोलात जाऊन लोकगीते गावीत, असा गार्डचा आग्रह होता. शेन आणि रेनॉल्ड्स यांचे म्हणणे असे, की जे उत्तम चालले आहे ते बिघडवण्याचे कारण नाही. दोन्ही बाजू समजण्यासारख्या आहेत. पण गार्डने त्यानंतर काढलेला ‘व्हिस्कीहिल सिंगर्स’ हा चौघांचा गट ऐकला, की त्याला काय हवे होते ते कळते. ज्युडी हेन्स्के यांचा मोठा, रांगडा आवाज, हवाईत वाढलेला सायरस फर्यार, व्हीट यांचा बास आणि गार्डच्या धाडसी मांडण्या. ‘हाउ द वेस्ट वॉज वन’ या चित्रपटाच्या संगीतात त्यांचा सहभाग आहे. व्यावसायिकदृष्ट्या हा गट टिकला नाही, गार्ड ऑस्ट्रेलियाला निघून गेला आणि सिडनीत त्याने दूरचित्रवाणीवर कार्यक्रम केला.

खर्ज

दोन शंका आहेत. गार्ड संस्थापक आणि सुरुवातीच्या गटाला त्याचेच नाव होते, तर ‘किंग्स्टन ट्रिओ’ हे नाव इतरांकडे कसे राहिले? आणि ‘टॉम डूली’च्या श्रेयाचा जो खटला झाला, त्याचा या फुटीशी काही संबंध होता का?

मधला स्वर (धागाकर्ता)

नावाबाबत उत्तर सोपे आहे. ते गार्डच्या वैयक्तिक मालकीचे नव्हते. तीन गायक आणि वर्बर अशा चौघांच्या भागीदारीच्या कंपनीकडे सगळा व्यवहार होता. गार्ड बाहेर पडताना त्याच्या हिश्शाचा मोबदला देऊन तो विकत घेतला गेला आणि उरलेल्या तिघांनी नाव पुढे चालवले. वर्बरची भूमिका इथे निर्णायक ठरली, कारण संगीताच्या वादात तो शेन आणि रेनॉल्ड्स यांच्या बाजूने होता.

खटल्याचा फुटीशी थेट संबंध नाही, पण तो प्रसंग तपशिलाने सांगण्याजोगा आहे. हे गाणे उत्तर कॅरोलिनातील टॉम ड्यूला या माजी सैनिकाविषयी आहे. लॉरा फॉस्टर या तरुणीच्या १८६६ मधील खुनाबद्दल त्याला १८६८ मध्ये फाशी झाली. डोंगराळ भागातील गायक फ्रँक प्रॉफिट यांच्याकडून ते संग्राहक फ्रँक वॉर्नर यांनी टिपून घेतले, वॉर्नर यांच्याकडून ते अ‍ॅलन लोमॅक्स यांच्याकडे गेले आणि त्यांनी १९४७ च्या संग्रहात छापले. किंग्स्टन ट्रिओच्या तबकडीवर मात्र मांडणीचे श्रेय डेव्ह गार्डच्या नावे होते. तबकडीचा लाखोंनी खप झाल्यावर साहजिकच दावा दाखल झाला आणि १९६२ मध्ये तडजोड होऊन पुढील उत्पन्नात लोमॅक्स, वॉर्नर आणि प्रॉफिट यांचा वाटा मान्य झाला. गाण्याने सर्वाधिक पैसा मिळवला तो काळ तोवर संपलेला होता, हे प्रॉफिट यांच्या बाबतीत विशेष खटकते. ज्याच्या घरात हे गाणे पिढीजात गायले जात होते, तो माणूस शेतीवर आणि हाताने बँजो घडवण्यावर गुजराण करीत होता.

‘जुनी तबकडी’ यांनी बासवादकांची आठवण करून दिली हे योग्यच आहे. पण वाद्यांची चकाकी ही ओळख असेल, तर ती गार्डबरोबर जायला हवी होती. ती गेली नाही. जॉन स्ट्युअर्ट आला, बँजो घेऊन त्याच जागी उभा राहिला आणि १९६१ च्या उत्तरार्धात निघालेली ‘क्लोज-अप’ ही नव्या तिघांची पहिलीच एलपी यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. श्रोत्यांनी बदल स्वीकारला, कारण मध्यभागी गाणारा आवाज तोच होता.

पाचवी तार

स्ट्युअर्ट “त्याच जागी उभा राहिला” हे अर्धेच खरे आहे, म्हणून त्या सहा वर्षांविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

किंग्स्टन ट्रिओच्या यशानंतर प्रत्येक कंपनीला तशीच एखादी त्रयी हवी होती. रूलेट कंपनीसाठी अशीच ‘कंबरलँड थ्री’ उभी राहिली आणि तिच्यात स्ट्युअर्ट होता. (त्याच त्रयीतील गिल रॉबिन्स हे पुढे अभिनेता झालेल्या टिम रॉबिन्स यांचे वडील.) म्हणजे मूळ त्रयीतील रिकामी जागा भरायला तिच्या प्रतिकृतीतून माणूस आणला गेला. पण स्ट्युअर्ट हा निव्वळ प्रतिकृतीतील गायक नव्हता. त्याची ‘मॉली डी’ आणि ‘ग्रीन ग्रासेस’ ही गाणी गार्डच्या काळातच किंग्स्टन ट्रिओने मुद्रित केली होती. गार्ड जुनी गाणी हुडकून त्यांची नवी मांडणी करणारा होता, तर स्ट्युअर्ट नवी गाणी लिहिणारा होता, आणि १९६१ नंतरच्या एलपींवर हा फरक वर्षागणिक ठळक होत जातो.

दुसरा फरक राजकारणाचा. मूळ त्रयीने राजकारणापासून ठरवून अंतर राखले होते. ‘वीव्हर्स’ हा पीट सीगर यांचा गट कम्युनिस्टविरोधी काळ्या यादीमुळे कसा देशोधडीला लागला, हे त्यांच्यासमोर ताजे उदाहरण होते. ‘एम.टी.ए.’ या गाण्याकडे पाहा. ते मुळात १९४९ मध्ये बॉस्टनच्या महापौरपदासाठी उभ्या असलेल्या वॉल्टर ओब्रायन या प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या उमेदवारासाठी, भुयारी रेल्वेच्या वाढीव भाड्याविरुद्ध लिहिले गेले. जॅकलीन स्टायनर आणि बेस लोमॅक्स हॉज या त्याच्या लेखिका. किंग्स्टन ट्रिओने १९५९ मध्ये ते गाताना उमेदवाराचे नाव जॉर्ज करून टाकले आणि प्रचारगीताचे निव्वळ गमतीचे गाणे झाले. गाडीत कायमचा अडकलेला त्यातील चार्ली इतका लोकप्रिय झाला की २००६ मध्ये बॉस्टनच्या वाहतूक संस्थेने आपल्या भाडेपत्राला ‘चार्लीकार्ड’ असे नाव दिले, पण ओब्रायन यांना कोणी ओळखत नाही.

स्ट्युअर्ट आल्यावर ही भिंत हळूहळू खचली. १९६२ मध्ये सीगर यांचे ‘व्हेअर हॅव ऑल द फ्लावर्स गॉन’ हे युद्धविरोधी गाणे त्यांच्या आवाजात यादीत आले. त्याच वर्षीच्या ‘न्यू फ्रंटियर’ या एलपीचे शीर्षकच केनेडींच्या घोषणेवरून घेतलेले आहे. १९६३ ची ‘टाइम टू थिंक’ तर सरळ सरळ गंभीर प्रकृतीची आहे. स्ट्युअर्ट पुढे १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या प्रचारदौऱ्यात गात फिरला, त्यामुळे हा बदल केवळ बाजारपेठ पाहून झाला असे म्हणता येत नाही. अर्थात जुनी सावधगिरीही पुरती गेली नव्हती. हॉइट अ‍ॅक्स्टन यांच्या ‘ग्रीनबॅक डॉलर’मधील एक सौम्य शिवी रेडिओच्या तबकडीवर गिटारच्या झंकाराखाली दडवली गेली, ती मात्र एलपीवर ऐकू येते.

१९६४ मध्ये बीटल्सची लाट आली, तीही कॅपिटॉल कंपनीकडूनच. त्याच वर्षी त्रयीने कॅपिटॉल सोडून डेक्काशी करार केला. डेक्काच्या काळातील एलपी मला वैयक्तिकरीत्या आवडतात, पण त्या खपल्या नाहीत हे खरे. १७ जून १९६७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘हंग्री आय’ या नाइटक्लबमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. त्याच वर्षी स्ट्युअर्टचे ‘डेड्रीम बिलिव्हर’ मंकीज या गटाने पहिल्या क्रमांकावर नेले. स्वतःच्या त्रयीसाठी सहा वर्षे लिहिणाऱ्या माणसाचे सर्वांत गाजलेले गाणे दुसऱ्यांच्या तोंडी गेले, आणि तेही त्रयी संपता संपता.

तेव्हा धागाकर्त्यांच्या “जागा त्याच, निवड बदलली” या सूत्राला माझी हरकत नाही. पण निवड एवढी बदलते, तेव्हा ती त्रयी तीच आहे असे मानायचे की नाही, हा प्रश्न २००४ मध्ये नव्हे तर १९६१ मध्येच उभा राहतो.

खर्ज

या न्यायाने पाहिले तर त्याच काळातील चॅड मिचेल ट्रिओ या दुसऱ्या लोकगीत-त्रयीचे उदाहरण तुलनेसाठी उपयोगी पडेल. १९६५ मध्ये मिचेल स्वतः बाहेर पडला आणि त्याच्या जागी तेव्हा फारसा कोणाला माहीत नसलेला जॉन डेन्व्हर आला. पुढे शेवटचा मूळ सदस्य गेला तेव्हा करारानुसार जुने नाव सोडावे लागले आणि उरलेले तिघे ‘डेन्व्हर, बॉइस अँड जॉन्सन’ या नावाने गाऊ लागले. तिथे प्रश्न करारानेच सोडवला होता.

जुनी तबकडी

नेमके उदाहरण आहे. किंग्स्टन ट्रिओच्या बाबतीत मात्र करार उलट्या दिशेने गेला आणि त्यामुळेच हे नाव आजवर टिकले. १९६७ नंतर स्ट्युअर्टने ‘कॅलिफोर्निया ब्लडलाइन्स’सारखी उत्तम एलपी काढून स्वतंत्र वाट धरली. रेनॉल्ड्सने संगीत सोडून ओरेगनमधील पोर्ट ऑर्फर्ड येथे बस्तान बसवले आणि तिथे पशुपालन केले, चित्रपटगृहही चालवले. शेनला मात्र गाण्याखेरीज दुसरे काही करायचे नव्हते. एकट्याने गाण्याचा प्रयत्न फसल्यावर १९६९ मध्ये त्याने जुन्या भागीदारांकडून परवानगी घेऊन ‘न्यू किंग्स्टन ट्रिओ’ काढली. नावाच्या आधीचे ‘न्यू’ हे विशेषण त्या परवानगीचाच भाग होते.

या पर्वातील पहिले साथीदार पॅट होरीन आणि जिम कॉनर. कॉनर हे जॉन डेन्व्हर यांनी गाजवलेल्या ‘ग्रँडमाज फेदर बेड’चे लेखक. १९७३ मध्ये रॉजर गॅम्बिल आणि बिल झॉर्न आले. १९७६ मध्ये झॉर्न गेला, जॉर्ज ग्रोव्ह आला, आणि त्याच वर्षी शेनने नावाचे संपूर्ण हक्क विकत घेतल्यामुळे ‘न्यू’ हे विशेषण गळून पडले. शेन, गॅम्बिल आणि ग्रोव्ह ही जोडणी जवळपास नऊ वर्षे टिकली, म्हणजे गार्डच्या आणि स्ट्युअर्टच्या दोन्ही जोडण्यांपेक्षा जास्त. तरीही तिच्याविषयी फार कमी लिहिले जाते. तिच्या १९७९ च्या ‘अस्पेन गोल्ड’चे ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, पण गॅम्बिलची खरी ताकद रंगमंचावर होती. तो उत्तम विनोदी निवेदक होता आणि गार्ड गेल्यापासून रिकामी असलेली ती एक जागा त्याने पहिल्यांदा खऱ्या अर्थाने भरली.

ग्रोव्ह हा उत्तर कॅरोलिनाचा, म्हणजे टॉम ड्यूलाच्याच राज्यातला, आणि संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेला. गार्डने सोबत्यांकडून जे मागितले आणि ज्यावरून वितुष्ट आले, ते गुण असलेला माणूस पंधरा वर्षांनी शेनने स्वतःहून निवडला. पुढे ट्रिओने सिम्फनी वाद्यवृंदांबरोबर कार्यक्रम केले, त्यांच्या स्वरलिपी लिहिण्याचे काम ग्रोव्हनेच केले.

नोव्हेंबर १९८१ मधील पुनर्मीलनाचा उल्लेख इथेच करायला हवा. कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन या उद्यानात गार्ड, शेन, रेनॉल्ड्स, स्ट्युअर्ट, गॅम्बिल आणि ग्रोव्ह असे सहाही जण एका रंगमंचावर आले. सूत्रसंचालन टॉम स्मदर्स यांचे होते आणि पाहुण्यांत मेरी ट्रॅव्हर्स व लिंडसी बकिंगहॅम होते. १९८२ मध्ये तो कार्यक्रम सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. गार्ड आणि शेन यांच्यातील ताण वीस वर्षांनीही पुरता निवळलेला नव्हता, हे तेव्हाच्या वृत्तपत्रांतून छापून आले होते. चित्रफीत पाहताना मात्र जाणवते ते एवढेच, की पहिले तिघे गाऊ लागताच स्वर जसेच्या तसे आपापल्या जागी जाऊन बसतात.

पाचवी तार

त्यानंतरचा काळ वेगाने सांगता येतो. १९८५ मध्ये गॅम्बिलचे अकाली निधन झाले आणि त्या जागी ‘ब्रदर्स फोर’मध्ये गायलेला बॉब हावर्थ आला. १९८८ मध्ये खुद्द रेनॉल्ड्स परतला आणि अकरा वर्षे गायला. हा या इतिहासातील एकमेव असा बदल आहे, ज्यात जागा नव्या माणसाने नव्हे तर तिच्या मूळ धन्याने परत घेतली. १९९९ मध्ये रेनॉल्ड्स निवृत्त झाला, हावर्थ पुन्हा आला. मार्च २००४ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर शेनला रंगमंच सोडावा लागला आणि त्याची जागा जुन्या बिल झॉर्नने घेतली. २००५ मध्ये हावर्थच्या जागी रिक डॉअर्टी आला. झॉर्न आणि डॉअर्टी हे दोघेही ‘लाइमलायटर्स’मध्ये गाऊन आलेले. साठच्या दशकात एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले गट अखेरीस एकाच तळ्यातून गायक उचलू लागले होते.

ग्रोव्ह, झॉर्न आणि डॉअर्टी यांची जोडणी बारा वर्षे टिकली. १९५७ पासूनची ही सर्वांत दीर्घायुषी जोडणी आहे, आणि तिच्यात एकही मूळ सदस्य नाही. २०१७ मध्ये नावाचे हक्क नव्या हातांत गेले. निक रेनॉल्ड्सचा मुलगा जॉश रेनॉल्ड्स, त्याच कुटुंबात वाढलेला माइक मार्विन आणि टिम गोरेलँग्टन असे तिघे उभे राहिले. चार दशकांहून अधिक काळ गायलेला ग्रोव्ह बाहेर पडला. वर्षभरातच जॉशनेही जागा सोडली, हावर्थ तिसऱ्यांदा आला आणि गेला, आणि डॉन मॅरोविच आला.

धागाकर्त्यांना एक विचारावेसे वाटते. शेन निवृत्त झाल्यावरही नाव २०१७ पर्यंत त्याच्याच ताब्यात होते, गायक त्याच्याच संमतीने गात होते, आणि ग्रोव्ह तर त्याच्याबरोबर अठ्ठावीस वर्षे गायलेला होता. या मधल्या तेरा वर्षांनाही “नावापुरते” म्हणायचे का?

मधला स्वर (धागाकर्ता)

होय, मी म्हणेन. झॉर्न उत्तम गायक आहे आणि शेनची नक्कल करण्याचा मोह त्याने टाळला, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण २००४ नंतर कार्यक्रमांचा गाभा पहिल्या दहा वर्षांतील गाण्यांचाच राहिला. गार्डने जुनी गाणी आणली, स्ट्युअर्टने नवी लिहिली, कॉनर आणि गॅम्बिल यांनी आपापला रंग मिसळला. २००४ नंतर आलेल्यांकडून कोणी तशी अपेक्षाच ठेवली नाही. श्रोत्यांना ठरलेली गाणी ठरलेल्या पद्धतीने हवी होती आणि ती उत्तम दर्जाने मिळत होती. त्याला मी कमी लेखत नाही, पण ते जतन आहे आणि १९६१ मध्ये घडले ते सर्जन होते. म्हणून ‘पाचवी तार’ यांच्या आधीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की १९६१ मध्ये त्रयी बदलली आणि तीच राहिली, तर २००४ मध्ये ती बदलली नाही आणि तरीही संपली.

तुलनेसाठी पीटर, पॉल अँड मेरी ही लोकगीत-त्रयी पाहता येईल. तिथे नावातच तीन माणसे असल्यामुळे बदली गायक आणण्याची सोय नव्हती आणि २००९ मध्ये मेरी ट्रॅव्हर्स यांच्या निधनाबरोबर तो गट थांबला. किंग्स्टन हे जमैकातील शहराचे नाव, कॅलिप्सो या कॅरिबियन संगीताच्या लाटेत निवडलेले. त्यात कोणीही बसू शकतो.

गार्ड १९९१ मध्ये गेला. स्ट्युअर्ट आणि रेनॉल्ड्स दोघेही २००८ मध्ये गेले. शेन जानेवारी २०२० पर्यंत होता. २०११ मध्ये या त्रयीला ग्रॅमीचा जीवनगौरव सन्मान मिळाला, तेव्हा मूळ तिघांपैकी तो एकटाच हयात होता.

जुनी तबकडी

जतन आणि सर्जन हा भेद मला मान्य आहे, पण गार्डच्या वाट्याला या धाग्यातही थोडे कमीच आले. ज्यांना ऐकून ठरवायचे आहे त्यांनी १९६० ची ‘स्ट्रिंग अलाँग’, १९६१ ची ‘क्लोज-अप’ आणि १९६६ मध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमात मुद्रित होऊन १९६९ मध्ये निघालेली ‘वन्स अपॉन अ टाइम’ या क्रमाने ऐकाव्यात. पहिलीत बक व्हीट यांच्या बासकडे लक्ष द्यावे, दुसरीत तो नसल्याकडे.

मधला स्वर (धागाकर्ता)

या यादीत मी ‘स्कॉच अँड सोडा’ची भर घालतो. पहिल्या एलपीवरील हे गाणे शेन एकटा गातो. जोडण्या कितीही बदलल्या तरी त्रयीच्या कार्यक्रमांत ते त्याचेच राहिले. श्रेय छापलेले आहे ते मात्र गार्डच्या नावे, आणि गार्डने ते बेसबॉलपटू टॉम सीव्हर यांच्या आईवडिलांकडून घेतले होते. त्या दांपत्याने १९३२ मध्ये मधुचंद्राच्या वेळी फीनिक्सच्या एका हॉटेलात ते पियानोवर ऐकले होते. त्याचा मूळ रचनाकार आजवर सापडलेला नाही.